आधी मागा, मग मिळेल: मोफत वकिलाच्या हक्काची पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका ब्लॉक बनवणाऱ्याच्या दुकानात एक पीएच.डी. झालेले गृहस्थ गेले आणि त्यांनी कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा शिक्का करून मागितला. सोबत विद्यापीठाचं अधिकारपत्र दाखवलं. तेही बनावट. पुढे खटला झाला. सत्र न्यायालयाने गुन्हा सिद्ध धरला, पण शिक्षा दिली ती न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि थोडा दंड, एवढीच. १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं सक्तमजुरी केली. सर्वोच्च न्यायालयात त्यांचा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा पुरी भोगून झाल्यावर. उशीर का? तर निकालाची प्रत कधी हातातच पडली नाही, असं त्यांचं म्हणणं. तुरुंगाचं म्हणणं, प्रत दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. पोचपावतीवर सही मात्र कुणाचीच नव्हती.

हा खटला म्हणजे एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला. होस्कोट यांच्या पदरात काही पडलं नाही. पण त्याच निकालात पुढच्या सगळ्या गरीब आरोपींसाठी नियम घातला गेला: तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे, तिची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने वकील द्यावा व त्याची फी सरकारने भरावी. हे सरकारचं कर्तव्य आहे, धर्मादाय नव्हे, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं. गरिबांच्या हक्काचा पाया गरीब नसलेल्या, सहानुभूती वाटावी असंही काही नसलेल्या माणसाच्या खटल्यात घातला गेला. या विषयाचा इतिहास बराचसा असाच आहे.

‘धर्मादाय नव्हे’ असं मुद्दाम लिहावं लागलं, कारण तोवर तो धर्मादायच होता. १९२४ मध्ये मुंबईत काही वकिलांनी बॉम्बे लीगल एड सोसायटी काढली. देशातल्या संघटित विधी साहाय्याची, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीची, सुरुवात सहसा तिथून मोजतात. कायद्यात त्याआधीपासून ‘नादार’ दाव्याची सोय होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार फारच कफल्लक माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावता येई. पण त्याने फक्त स्टॅम्पाचे पैसे वाचत. वकील कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच. नादाराला वकील नेमून देण्याची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. त्याच दुरुस्तीत मालमत्तेची मर्यादा शंभर रुपयांवरून एक हजार केली, आणि नियमात आजही एक हजारच छापलेले आहेत.

संविधानाच्या कलम २२ ने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. कागदावर उत्तम. पण पसंतीला पैसे लागतात. १९५१ मध्ये तारा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला तो असा: वकील हवा असेल तर आरोपीने मागावा, त्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तो करावा, दंडाधिकाऱ्याने फक्त तेवढी संधी द्यावी. म्हणजे आधी मागा. ज्याला मागता येतं हेच ठाऊक नाही, त्याने काय करायचं, याला उत्तर मिळायला पुढे पस्तीस वर्षं गेली.

समित्या मात्र भरपूर झाल्या. १९४९ मध्ये, इंग्लंडने विधी साहाय्याचा कायदा केला त्याच वर्षी, मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. बंगालात न्यायमूर्ती ट्रेव्हर हॅरिस यांची समिती होती. दोन्ही अहवाल पैशाअभावी पडून राहिले. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा तेच झालं. १९७० मध्ये गुजरातने समिती नेमली, तिचे अध्यक्ष पी. एन. भगवती, म्हणजे मुंबईच्या समितीवरच्या भगवतींचे चिरंजीव. बापाने लिहिलेला अहवाल लेकाने पुढे चालवावा, असा योग सरकारी कामकाजात क्वचितच. मग १९७३ मध्ये कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला आणि १९७७ मध्ये कृष्ण अय्यर आणि पी. एन. भगवती या दोघांचा मिळून आणखी एक.

दरम्यान आणीबाणी होती. हजारो माणसं विनाचौकशी आत होती, आणि तेव्हाच, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत, कलम ३९-क आलं: पैशाअभावी किंवा अन्य अडचणीमुळे कुणी न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं. त्या दुरुस्तीबद्दल चांगलं बोलायला फारसं काही नाही. हे कलम त्यातला अपवाद. तरी ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या जोरावर थेट कोर्टात दाद मागता येत नव्हती. होस्कोट निकालाने ते कलम २१ शी, जीविताच्या हक्काशी, बांधलं आणि मग त्याला धार आली.

पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांचा विषय निघाला. के. एफ. रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीचे. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगावर होते. बिहारच्या तुरुंगांत त्यांनी जे पाहिलं ते जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ माणसं नुसती कच्चे कैदी म्हणून आत होती. वकील नाही, जामिनाला पैसे नाहीत, तारीख नाही. ते लेख घेऊन अॅड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हाच हुसैनारा खातून खटला. त्यातून असंख्य कैदी सुटले आणि ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा मूलभूत हक्काचा भाग ठरला. १९८१ मध्ये भागलपूरच्या डोळे फोडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात बिहार सरकारने पैशाचं कारण पुढे केलं. न्यायालयाने ते धुडकावलं, आणि आरोपीला त्याचा हक्क सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं काम आहे, असंही बजावलं.

आपल्याकडचं तेव्हाचं चित्र शीला बारसे यांच्या पत्राने उघड केलं. त्यांनी मुंबई मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. ते पत्रच न्यायालयाने याचिका मानलं. १९८३ च्या निकालात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही: दोन परदेशी स्त्री कैद्यांना त्यांच्याच वकिलाने फीच्या नावाखाली लुबाडल्याची नोंद त्यात आहे. पैसे देऊन केलेला वकीलही तुरुंगातल्या माणसाला बुडवू शकतो. म्हणून न्यायालयाने सांगितलं की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं, आणि स्त्रियांना स्त्री पोलिसांच्या पहाऱ्यात वेगळ्या कोठडीत ठेवावं.

‘आधी मागा’चा निकाल लागला तो १९८६ मध्ये, अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास खटल्यात. सरकारी अभियंत्याला धमकावल्याचा आरोप, दोन वर्षांची शिक्षा, आणि आरोपीला वकील नाही, कारण त्याने मागितला नव्हता. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी लिहिलं की खेड्यांतली सुमारे सत्तर टक्के माणसं निरक्षर आहेत. त्यांनी हक्क मागावा ही अपेक्षाच फोल. शिक्षा रद्द झाली. न मागताही वकील द्यायचा, हे तिथे पक्कं झालं.

कायदा त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, झाला आणि आठ वर्षं कपाटात राहिला. विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. आज राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणं आणि तालुक्याला समिती, अशी उतरंड आहे ती याच कायद्याची. कलम १२ ची यादी वाचण्यासारखी आहे: अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं, अपंग, कारखान्यातले कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतली माणसं. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाखांची. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे मी पदवीधर बायकांना सांगितलं तरी त्यांना पटत नाही.

याच कायद्याने लोकअदालतीला अधिकार दिला. पहिली लोकअदालत १४ मार्च १९८२ रोजी तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या ऊना इथे भरली होती. पुढे ती इतकी फोफावली की विधी सेवा म्हणजे लोकअदालत, असंच समीकरण झालं. निकाली प्रकरणांचे आकडे वर्तमानपत्रांत छान दिसतात. त्यात चेक न वटल्याच्या आणि बँकांच्या थकबाकीच्या प्रकरणांची मोठी भर असते. कच्च्या कैद्याला त्याचा काय उपयोग?

वकिलांनी आपणहून फुकट लढावं, ही अपेक्षा या सगळ्याला समांतर चालत आली. बार कौन्सिलच्या नियम ४६ मध्ये गरिबाला शक्य तेवढं फुकट साहाय्य देणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक म्हटलं आहे. सक्ती मात्र नाही. २०१७ मध्ये दोन हालचाली झाल्या. केंद्राच्या न्याय विभागाने अशा वकिलांची नोंदणी सुरू केली, तिलाच पुढे ‘न्याय बंधू’ हे नाव मिळालं. आणि ‘ज्येष्ठ वकील’ हा दर्जा देताना फुकट लढवलेल्या खटल्यांचाही गुणांत विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा जयसिंग खटल्यात ठरवलं; ती गुणपद्धत २०२५ मध्ये बंद झाली.

मग उरला दर्जाचा प्रश्न. पक्षकार पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतून मिळालेल्या, वकिलाला ‘सरकारी वकील’ म्हणतात, आणि सरकारी वकील तर आरोपीविरुद्ध लढतो. हा घोळ नुसता शब्दांचा नाही, त्यात अविश्वासही आहे. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मध्य प्रदेशातल्या खंडव्याला २०१३ मध्ये एका खटल्यात विधी साहाय्याचा वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला नव्याने चालवायला लावला आणि सांगितलं: फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात नेमायचा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला असावा, आणि न्यायमित्राला, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या अशा वकिलाला, तयारीला निदान सात दिवस मिळावेत. नव्याने चाललेल्या खटल्यात २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी.

त्याआधी, २०१२ मध्ये, अजमल कसाबच्या निकालातही न्यायालयाने या हक्कावर बरंच लिहिलं आहे. फाशी कायम ठेवताना घातलेला नियम असा: आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं तेव्हाच, वकील त्याचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार देईल, हे दंडाधिकाऱ्याने सांगितलं पाहिजे; न सांगितल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. होस्कोटसारखाच हाही महाराष्ट्रातला खटला, आणि फायदा पुन्हा दुसऱ्याच कुणाचा.

२०२२ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने पद्धत बदलायला घेतली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ मानधनावर बचाव वकिलांचं कार्यालय: एक मुख्य, हाताखाली उपमुख्य आणि सहायक. त्यांनी खासगी वकिली करायची नाही. हे वकील फक्त फौजदारी बघतात. पोटगी, घराचा ताबा, सातबाऱ्यावरचं नाव, असल्या कामांना अजून पॅनेलच आहे. त्यासाठी तालुका कोर्टातल्या समितीकडे साध्या कागदावर अर्ज करायचा, नाहीतर १५१०० वर फोन.