हॅण्डीच्या पोटात शिरलेला समुद्र

चवथीचे गणपती पोचवून आठवडा झाला असेल. शिवोलीचा एक तरुण मित्र संध्याकाळी म्हापशाला माझ्या घरी आला आणि पिशवीतून आपली हॅण्डी, म्हणजे हातातला वायरलेस सेट, काढून टेबलावर ठेवली. "काका, मला सगळे ऐकू येतात, पण माझं कुणालाच जात नाही."

दुरुस्ती करणाऱ्याला याहून चांगली तक्रार मिळणं कठीण. 'बंद पडलाय' एवढंच कुणी सांगितलं की अख्खा सेट चाळावा लागतो. याने एका वाक्यात अर्धा सेट निर्दोष ठरवून दिला होता. मी विचारलं, "लो पॉवरवर?" तो म्हणाला, "लो पॉवरवर कधी कधी जातं. हाय केलं की बटण दाबताच सेट बंद होऊन परत सुरू होतो." दोष कुठे असेल याचा अंदाज मला तिथेच आला. दुसराही एक दोष निघेल, हे मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

हॅण्डी म्हणजे हातात मावणारा ट्रान्सीव्हर, बोलणं पाठवणारा आणि ऐकवणारा एकच सेट. दिसायला पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखा. तो वापरायचा तर परीक्षा द्यावी लागते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परवाना देते आणि सोबत व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखनाव. आम्हा हौशी लोकांना, म्हणजे हॅमना, भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळाला आहे. या लहरींची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून त्याचं नावच 'टू मीटर'.

ऐकणं आणि बोलणं ही कामं एकाच डबीत होत असली तरी त्यांच्या भुकेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या हॅण्डीला ऐकण्यासाठी अँटेनावर मायक्रोव्होल्टचा पाचवा हिस्सा एवढा दाब पुरतो. तीच हॅण्डी ५ वॅटने बोलते तेव्हा त्याच अँटेनाच्या बुडाशी सुमारे १६ व्होल्ट उभे करते. म्हणजे आठ कोटी पट. बॅटरीच्या बाजूनेही तसंच. नुसतं ऐकताना सेट एक दशांश अँपिअरच्या आसपास खातो, आणि बोलायचं बटण दाबलं की दीड अँपिअर ओढतो. पंधरा पट.

आता बॅटरी आणि सेट यांच्यामध्ये कुठेतरी एक ओहमचा अडथळा आला आहे असं समजा. एक ओहम म्हणजे काहीच नाही. पण अडथळ्यावर किती व्होल्ट वाया जातील हे त्यातून वाहणाऱ्या विजेवर ठरतं. ऐकताना दशांश व्होल्ट गेला, सेटला कळतही नाही. बोलताना दीड व्होल्ट गेला, तर ७.४ व्होल्टच्या सेटचा जीव गुदमरतो. मित्राने घरी मल्टिमीटर लावून बॅटरी तपासली होती आणि ८ च्या वर व्होल्ट बघून तिला पास केलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं, पण ती तपासणी बॅटरी निवांत असतानाची होती. मी मीटरच्या तारांची टोकं सेटच्या आतल्या बाजूला धरली आणि त्याला बटण दाबायला सांगितलं. ८.१ चे थेट ६ झाले.

बॅटरी काढली. तिचे संपर्क ठीक होते. सेटच्या बाजूच्या दोन पत्र्यांपैकी ऋण बाजूचा थोडा मळलेला, आणि धन बाजूचा हिरवा. देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर चढतो तसा हिरवा, पण कोरडा नव्हे. भिंग लावून पाहिलं तर त्या हिरव्या थरावर बारीक ओल चमकत होती.

"पाण्यात पडला होता?"

"नाही हो. जूनमध्ये शापोऱ्याला जेटीवर थोडा भिजला. लगेच पुसला आणि चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला."

तांदूळ पाणी ओढतील न ओढतील, मीठ मात्र ओढत नाहीत. आणि किनाऱ्यावरच्या सेटचा खरा शत्रू मीठच आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं हे आपल्याकडे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. त्याचं कारण असं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून त्यात विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. एकदा खारं पाणी आत शिरून वाळलं, की तो सेट पुढे कोरड्या कपाटात ठेवला तरी मीठ हवेतून रोज नवं पाणी आणतं. जूनमध्ये भिजलेला सेट सप्टेंबरातही आतून ओला राहतो तो असा.

त्या ओलीत बॅटरीचा ७.४ व्होल्टचा दाब अहोरात्र उभा. सेट बंद असला तरी पत्र्यांवर तो दाब असतोच. दोन धातूंच्या मध्ये मिठाचं पाणी आणि वर बॅटरी, म्हणजे शाळेत केलेला विद्युत अपघटनाचा प्रयोगच झाला. त्यात धन बाजूचा धातू विरघळत जातो. वरचा निकेलचा मुलामा आधी जातो, मग खालचं तांबं किंवा पितळ उघडं पडून हिरवे क्षार धरू लागतं. म्हणून ऋण पत्रा नुसता मळला होता आणि धन पत्रा खाल्ला गेला होता. कुठली बाजू हिरवी आहे एवढ्यावरून दोषाची सुरुवात कशाने झाली ते सांगता येतं, आणि मला हे दर वेळी तितकंच आवडतं.

उपाय साधा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, ते पाण्यातच विरघळतं. तेव्हा आधी बॅटरी बाहेर, मग स्पीकर आणि माइक जपून मऊ टूथब्रशने डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, तेही दोनदा. नंतर अल्कोहोल, कारण ते उरलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. मग एक दिवस पंख्याखाली. हिरवा थर फायबरच्या पेन्सिलने खरवडून काढला आणि पत्र्यावर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवला. स्प्रिंगच्या दाबाखाली तो थर बाजूला सरकतो आणि धातूला धातू लागतो. आजूबाजूच्या उघड्या भागावर मात्र हवा बसू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सेट डमी लोडवर लावला. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रोधक, तो सगळी शक्ती गिळून तिची उष्णता करतो. अँटेना किंवा डमी लोड न लावता बोलायचं बटण कधीही दाबू नये. शक्तीला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती परत फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजते. पॉवर मीटरचा काटा साडेचारच्या पुढे गेला. मित्राचा चेहरा खुलला. मी सवयीने जोडणी बोटाने हलकेच बाजूला ढकलली आणि काटा पडला. सोडली, काटा वर. हाच तो दुसरा दोष.

सेट पुन्हा उघडला. अँटेना ज्या पितळी कनेक्टरवर बसते त्याची मधली पिन बोर्डाला जिथे झाळलेली असते, तिथे भिंगाखाली पिनभोवती केसाएवढी काळी वर्तुळाकार रेघ दिसली. डाग, म्हणजे कथलाचा तो जोड, तडकला होता. तार एकदा वाकवून तुटत नाही, वाकवून वाकवून तुटते, तसंच कथलाचं असतं. आणि इथे वाकवणारा हात कुठला ते टेबलावरच पडलं होतं. मूळची आखूड रबरी अँटेना काढून त्याने दीड फुटाची छडी लावली होती. पिशवीतून काढताना, स्कूटरवर, दारातून जाताना त्या छडीच्या टोकाला बसलेला प्रत्येक हिसका तरफेने वाढून त्या इवल्या डागावर येत होता.

असा डाग नुसता वितळवून भागत नाही. कारखान्यातलं कथील बहुधा शिसं नसलेलं असतं, ते सुमारे २१७ अंशांना वितळतं. माझ्याकडचं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं १८३ ला. दोन्ही एकमेकांत मिसळली की डाग कसा बसेल याचा भरवसा नाही. म्हणून तांब्याच्या जाळीदार वातीने जुनं सगळं उचललं, फ्लक्स लावलं आणि रुंद टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने नवा डाग दिला. टोक रुंद हवं, कारण पितळी कनेक्टर सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि बारीक टोकाने डाग कच्चा राहतो. पक्का डाग चकचकीत, पिनवर चढलेला, कडा निमुळत्या. कच्चा डाग गोळ्यासारखा फुगलेला आणि निस्तेज. चार ठिकाणी बाहेरची पकडही नव्याने झाळली, कारण खरा भार तिने घ्यायचा असतो.

"मग ती छडी लावूच नको का?" त्याने विचारलं. ती हौसेने लावलेली नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा गोव्यात कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना होती. त्याच्या घरी मोबाइल आधी मुके झाले आणि मग नुसते टॉर्च उरले. शिवोलीहून म्हापशापर्यंत हातातल्या सेटवरून बोलता यावं, एवढीच त्याची इच्छा. अंतर आठेक किलोमीटर, पण मधे आसगावचा सडा आडवा येतो, आणि दोन मीटरच्या लहरी डोंगराला फारशा वळसा घालत नाहीत. रबरी अँटेनाने ते साधत नव्हतं.

रबरी अँटेनाला कमजोर म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो: हॅण्डीला लावलेली कुठलीही छडी ही अर्धीच अँटेना असते. छडीत जेवढी वीज वर जाते तेवढीच दुसऱ्या बाजूला कशात तरी जावी लागते. गच्चीवरच्या अँटेनाला त्यासाठी खाली पसरलेल्या कांड्या असतात. हॅण्डीला असतं ते तिचं दहा-अकरा सेंटिमीटरचं शरीर आणि ते धरणारा आपला हात. ही दुसरी बाजू पाव लहर लांब हवी, त्याला ते शरीर फार तोकडं, म्हणून उरलेलं काम हाताकडून होतं. माणसाचं मांस मिठाच्या पाण्याने भरलेलं. ते वीज घेतं खरं, पण तिची बरीचशी उष्णता करून टाकतं.

मग हाताऐवजी तार द्यायची. ३०० ला १४५ ने भागलं की लहर २.०७ मीटर, तिचा चौथा हिस्सा ५२ सेंटिमीटर, आणि तारेत तो पाचेक टक्के आखूड घ्यावा लागतो, म्हणजे ४९. वायरिंगची लवचीक तार घेतली, एका टोकाला छोटी कडी झाळली आणि कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला, म्हणजे सेटच्या ग्राउंडला, अँटेनाच्या बुडाखाली बसवली. दुसरं टोक मोकळं, उंदराच्या शेपटीसारखं खाली लोंबणारं. वर पुन्हा मूळची रबरी अँटेना. हीच तार ७० सेंटिमीटरच्या हॅम पट्ट्यावर पाऊण लहर भरते, त्यामुळे तिथेही चालते. खर्च दहा रुपयांच्या आतला, सेटच्या पोटात काहीही कापायचं नाही, आणि कनेक्टरवर हिसका नाही. हॅण्डीतला याहून गुणी बदल मला माहीत नाही.

जाता जाता त्याने आणखी एक विचारलं, बहुतेक सगळेच विचारतात. सेट 'उघडून' देता येईल का? एकच बोर्ड अनेक देशांत विकायचा म्हणून कारखाना कुठे एक डायोड, कुठे एक जोडतार, हल्ली नुसता सॉफ्टवेअरमधला आकडा ठेवून पाठवण्याची हद्द बांधतो. तो डायोड काढला की हद्द सुटते. मी हे करत नाही. आमचा पट्टा कुणाच्या मधे बसला आहे ते बघा: खाली ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर विमानं, वर १५६.८ वर जहाजांची संकटाची वाहिनी. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, मुरगावचं बंदर आणि शापोऱ्यापासून कुटबणपर्यंत ट्रॉलर. खिशातलं बटण चुकून दाबलं गेलं तर कुणाचा आवाज बुडेल ते आपल्याला कळणारही नाही. शिवाय सेटमधले फिल्टर ज्या पट्ट्यासाठी बसवले त्याच्या बाहेर गेलं की नको त्या लहरीही सोबत निघतात. आपण परवाना सही करून घेतलेला असतो. त्याने मान डोलावली, पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सकाळी चाचणी ठरली. तो शिवोली-चोपडे पुलावर, मी म्हापशाला गच्चीवरच्या अँटेनाशी. पहिल्या हाकेला नुसती सरसर, आत कुठेतरी माणूस बोलतोय एवढंच. "शेपटी लावलीस?" "नाही, आता लावतो." दुसऱ्या हाकेला पुलावरचा वारा, मागून जाणारी बस आणि त्याचा कॉलसाइन, तिन्ही वेगळे ऐकू आले. शक्तीत वाढ फार झालेली नसते. पण एफएमचा एक उंबरठा असतो. त्याच्या खाली शब्द सरसरीत बुडतात, आणि थोडं वर आलं की सरसर एकदम दबते. आम्ही नेमके त्या उंबरठ्यावर उभे होतो.

त्याला खात्री करून घ्यायची होती. बोलता बोलता त्याने लोंबणारी तार मुठीत गोळा केली. आकडे मोजत होता, एक, दोन, तीन. चारच्या पुढे नुसती सरसर. मूठ उघडली तेव्हा तो नऊवर पोचला होता.