बियाण्याच्या रक्षणासाठी बियांचाच अर्क : पार्श्वभूमी

माळव्यातील सोयाबीनचे बी नाजूक असते. त्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. त्यामुळे काढणीच्या वेळी पाऊस लागला की बुरशी आत शिरते आणि पुढच्या पेरणीनंतर ओल्या काळ्या जमिनीत ते बी उगवण्याऐवजी कुजते. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच उभे राहिले. ज्यांची शेती अजून टिकून आहे अशा येथील मराठी घरांत 'बीजप्रक्रिया', म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला रोगनाशक लावणे, हा शब्द आता रोजचा आहे, पण तिच्यामागची कल्पना फार जुनी आहे.

सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत, झाडाचा रोगट भाग शस्त्राने काढून तेथे वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असे सांगितले. रोगाचे कारण बुरशी आहे हे मात्र १८०७ मध्ये फ्रान्समध्ये प्रेव्हो या संशोधकाने गव्हाच्या काणी या रोगावर दाखवले आणि उपाय म्हणून मोरचूद सुचवला. विसाव्या शतकात पाऱ्याची संयुगे आली. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याची प्रक्रिया केलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले. ६,५३० जण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले. वनस्पतिजन्य उपायांचा आग्रह का धरावा, याचे याहून मोठे कारण मला सापडत नाही.

निंबोळीच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये अमेरिकी कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना युरोपीय पेटंट मिळाले. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. भारतात हा वापर आधीपासून होता, याची साक्ष एका भारतीय उत्पादकाने दिली. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

बियांतील हे सामर्थ्य स्वयंपाकघरातही जाणवते. कोरडी मोहरी झोंबत नाही. पाणी घालून फेसली की तिच्यातील विकर (एन्झाइम) जागे होऊन उग्र, उडून जाणारे तेल तयार होते, आणि तेच बुरशीलाही मारक ठरते. ओव्यातील थायमॉल बुरशीच्या पेशींचे पटल खिळखिळे करते. तथापि प्रयोगशाळेतील बशीत बुरशी थांबली म्हणजे शेतातले बी वाचले, असे धरता येत नाही: मोहरीचा उग्रपणा जमिनीत लवकर विरतो आणि मात्रा वाढवली तर अंकुरालाच इजा होते. शिवाय सोयाबीन पाण्यात भिजवले तर ते झपाट्याने फुगते, टरफल सुटते आणि उगवण घटते. म्हणून निंबोळीचा पाण्यातला अर्क उभ्या पिकावर फवारता येतो, पण सोयाबीनचे बी त्यात बुडवून ठेवणे घातकच होय.