एका आधणाला किती गॅस?

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालेल्या चौघांच्या शिध्याची यादी मिठाच्या पुडीपर्यंत नीट केली जाते. गॅसचा विषय मात्र ‘असू दे एक जास्तीचा डबा’ एवढ्यावरच मिटतो. गड अभयारण्यात येत असल्याने लाकूडफाट्यावर भिस्त ठेवता येत नाही आणि जास्तीचा डबा पाठीवरूनच वर न्यावा लागतो, म्हणून हा हिशेब करण्यासारखा आहे. तो मुक्काम किती दिवसांचा यापेक्षा एकूण किती लिटर पाणी तापवायचे यावर अवलंबून असतो.

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. गडाची उंची सुमारे १४२४ मीटर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. (चहाला हे सोयीचे, डाळीला गैरसोयीचे, म्हणून डाळ आधीच भिजत घालावी.) पाणी २० अंशांवर असेल, तर लिटरभर आधणाला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता पुरते. डब्यातला गॅस म्हणजे मुख्यतः ब्यूटेन; तो एक ग्रॅम जळताना साधारण ४५ किलोज्यूल उष्णता देतो, म्हणजे कागदावर ७ ग्रॅम गॅस पुरायला हवा. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मी उष्णता पातेल्याच्या कडेने निसटून जाते, म्हणून लिटरमागे १४ ग्रॅम धरणे योग्य.

हा आकडा वारा नसतानाचा आहे. कोकणकड्याच्या काठावर स्टोव्ह मांडला, तर ज्योत पातेल्याच्या बुडाला लागण्याऐवजी आडवी पडते आणि खर्च सहज दीडपट-दुपटीवर जातो. आडोसा करावा, पण गॅसचा डबा बर्नरच्या खालीच असेल, तर चारही बाजू बंद करू नयेत. डबा तापून फुटू शकतो. आच तंबूत नेणे हा तर उपायच नव्हे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. दुसरी गळती झाकणाची. उघड्या पातेल्यातून १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले, की सुमारे २२५ किलोज्यूल उष्णता गेली, म्हणजे एका लिटरच्या आधणाचा दोन-तृतीयांशाहून अधिक खर्च हवेत विरला. त्यामुळे खळखळ उकळणारी खिचडी मंद आचेवरच्या खिचडीपेक्षा लवकर शिजत नाही, फक्त जास्त गॅस खाते.

आता चौघांचा एका रात्रीचा हिशेब मांडू. दोन वेळचा चहा, खिचडी आणि सकाळचे नूडल्स मिळून चार लिटर पाणी धरले, तर ५६ ग्रॅम गॅस होतो. खिचडी मंद आचेवर वीसेक मिनिटे ठेवण्यास मिनिटाला एक ग्रॅम या हिशेबाने आणखी २० ग्रॅम लागतील. वाऱ्यासाठी ही बेरीज दीडपट केली तरी ती ११५ ग्रॅमच्या आतच राहते, आणि बाजारातल्या एका डब्यात साधारण २२० ग्रॅम गॅस असतो.

हिमालयात मात्र हे गणित बदलते. बर्फ वितळवून पाणी करायचे असेल, तर तापमान जराही न वाढता किलोमागे ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा द्यावा लागतो, म्हणजे एका आधणाला जवळजवळ दोन आधणांचा गॅस लागतो. शिवाय ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश असल्याने गोठवणाऱ्या थंडीत डब्यातल्या द्रवाची वाफच होत नाही आणि भरलेला डबाही रिकाम्यासारखा वागतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून थंडीसाठी दोहोंचे मिश्रण असलेला डबा बरा. पण त्यातलाही प्रोपेन आधी संपत जातो, हे शेवटच्या सकाळी जाणवते. असे डबे विमानात नेता येत नाहीत, त्यामुळे ते पायथ्याच्या गावातच घ्यावे लागतात.

अर्धवट वापरलेल्या डब्यात किती गॅस उरला, हे हलवून समजत नाही. नवा डबा घरच्या वजनकाट्यावर ठेवून त्याचे वजन त्यावरच मार्करने लिहून ठेवावे. परतल्यावर पुन्हा वजन केले, की आपला स्टोव्ह लिटरमागे नेमके किती ग्रॅम खातो तेही कळते, आणि पुढच्या वेळी १४ ऐवजी तो आकडा वापरता येतो.