ट्रोपोनिन चाचणी

हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करण्यासाठी वापरली जाणारी रक्ततपासणी. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ भागांतल्या रुग्णालयांत तिला ‘ट्रोप-टी’ किंवा ‘ट्रोप-आय’ म्हणतात. ट्रोपोनिन ही स्नायूंच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारी प्रथिने. त्यांपैकी टी आणि आय यांची हृदयातली रूपे हातापायांच्या स्नायूंतल्या रूपांहून वेगळी असतात. हृदयाची धमनी बंद होऊन स्नायूपेशी मरू लागल्या की ती रक्तात उतरतात.

उतरायला वेळ लागतो, आणि गफलत होते ती इथेच. जुन्या पद्धतीच्या चाचणीत वाढ दिसायला साधारण ३ ते ६ तास जातात. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या घरात पहाटे ४ वाजता कुणाची छाती भरून आली, ५ वाजता रक्त दिले आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर ‘पित्तच असणार’ म्हणून घरी परतणे जिवावर बेतू शकते. कार्डावर रक्ताचे थेंब टाकून होणारी चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते खरी. पण रेघ उमटली नाही म्हणजे झटका नाही, असे मुळीच नाही. म्हणूनच काही तासांनी दुसऱ्यांदा रक्त घेतात. उच्च-संवेदी चाचणीमुळे हे अंतर १ ते ३ तासांवर आले आहे.

ईसीजी मात्र रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांत काढायचा असतो. त्यात धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

१९५४ मध्ये झटक्याच्या निदानासाठी एएसटी हे विकर (एन्झाइम) वापरले गेले, पुढे सीके-एमबी हे दुसरे विकर आले. ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी मांडली. २००० साली युरोपीय व अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने केली.

वाढलेला आकडा म्हणजे झटकाच, असेही नाही. हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसात अडकलेली गुठळी, जंतुसंसर्गाने झालेला सेप्सिस यांतही तो वाढतो. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनसारखी लांब धाव घेतल्यावरही काही काळ वाढू शकतो. डायलिसिसवरच्या रुग्णात तर तो कायमच चढा असू शकतो. अशा वेळी दोन नमुन्यांतला फरक पाहतात. रक्त कधी घेतले ते रिपोर्टवर छापलेले असते. दुखणे किती वाजता सुरू झाले, हे मात्र रुग्णाने किंवा घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावे लागते.