कृष्णेची बारीक मासळी: नोंदींची पार्श्वभूमी

सांगलीच्या बाजारात आज रोहू, कटला आणि चिलापी मिळते. यातलं एकही मूळचं कृष्णेचं नाही. रोहू-कटला गंगेकडचे, बीज सोडून वाढवलेले. चिलापी आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. कृष्णेची स्वतःची मासळी बरीचशी बोटभर लांबीची आहे.

ती कागदावर आणण्यात पहिलं मोठं काम ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स यांचं. १८३९ साली त्यांनी दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. त्यांचा वावर पुण्याकडे जास्त, पण तिकडचं पाणी नेणारी भीमासुद्धा कृष्णेलाच मिळते. मळ्या, मुरी, कोळशी ही इथल्या माणसांच्या तोंडची माशांची नावं त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. ती सांगणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत, याची मला खंत वाटते.

१९१९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांचा अभ्यास मांडला. त्यातले मासे मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले. १९५३ साली मत्स्यशास्त्रज्ञ ई. जी. सायलस यांनी महाबळेश्वर आणि वाईच्या माशांवर टिपण लिहिलं. याचं मोल साल पाहिलं की कळतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत कोयनेचं धरण उभं राहिलं, नंतर वाईच्या वर धोम, वेण्णेवर कण्हेर. सायलस यांनी पाहिली ती या मोठ्या धरणांनी अडवण्याआधीची कृष्णा.

अडवल्याने काय बिघडतं हे मळ्या माशाकडे पाहिलं की समजतं. त्याच्या खालच्या ओठामागे एक चकती असते. तिच्या आधाराने तो धारेतल्या दगडाला चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. मुरी गोट्यांच्या फटींत राहते. दोघांनाही उथळ, वाहतं पाणी हवं. जलाशयात पाणी थांबतं, दगडांवर गाळ बसतो. खाली सांगलीकडे वाळूउपशाने तळच खरवडला गेला.

कोयनेच्या माशांची सविस्तर पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तीत पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. मळ्या अजून पुष्कळ ओढ्यांत टिकून आहे. कोळशी मात्र धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित ठरली आहे. वाई आणि महाबळेश्वरच्या त्याच जागा, १९५३ची यादी हाती घेऊन, इथल्या भोई मंडळींना बरोबर घेऊन पुन्हा तपासायला हव्यात.