गाडी उभ्या उभ्या थरथरतीय : फाउंडेशन गेलंय का मिसिंग हाय?

कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की स्टेअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरायचं, दाखवायला नेली तर बॉनेट न उघडताच मेकॅनिकनं सांगितलं, फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबराची माउंटिंग, गेलंय. बदललं, पैसे गेले, थरथर तशीच, आणि शेवटी दोष निघाला एका इग्निशन कॉईलचा, म्हणजे स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या कॉईलचा. म्हणून सांगतो, हाताला फाउंडेशन आणि मिसिंग दोन्ही सारखंच लागतं पण आत गोष्ट वेगळी असते.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळतच नाही, इंजिन स्वतःच लंगडतंय. फाउंडेशन गेलं म्हणजे इंजिन ठणठणीत हाय, पण त्याची रोजची थरथर गिळणारं रबर फाटलंय नायतर बसलंय, मग ती सरळ बॉडीत येते.

आधी आरपीएमचा काटा बघा. मिसिंगमध्ये तो बहुतेक वेळा नाचतो, सायलेन्सरचा आवाज तुटत तुटत येतो, पन्हाळ्याचा चढ लागला की पिकअप मरतो आणि चेक इंजिनची लाईट लुकलुकते. लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका भावांनो, न जळलेलं पेट्रोल पुढं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा डबा, खराब करतं. गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर लावला की पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, मग तिथली कॉईल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायची, कोड तिच्यामागं गेला तर कॉईलच गेलीय.

फाउंडेशनमध्ये काटा स्थिर, पिकअप चांगला, पण क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ठक्क आवाज येतो, एसी लागला की थरथर वाढते, जरा रेस दिली की बऱ्याचदा कमी होते. बॉनेट उघडून हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दाबून कुणालातरी हाफ क्लच द्यायला सांगा, एकदा पहिला एकदा रिव्हर्स, तुम्ही बाजूला उभं राहून बघा, गाडीसमोर अजिबात नाही. इंजिन उसळी मारत असेल तर रबर संपलंय. तीन सिलिंडरची गाडी मात्र मुळातच जास्त हलते, तिला चार सिलिंडरच्या मापानं मोजू नका.

फाउंडेशन बदलताना जॅक आणि ऑईल सम्प, म्हणजे इंजिनखालचा ऑईलचा डबा, यांच्या मधे लाकडाची फळी हवीच, नुसता जॅक लावला तर सम्प चेपतो. एका वेळी एकच माउंटिंग काढा, सगळे बोल्ट आधी हातानं धरवा, इंजिन जागेवर बसू द्या, मगच आवळा. आणि जुन्या रबरावर ऑईल दिसलं तर पहिलं ते लिकेज काढा, ऑईलनं रबर फुगून मऊ पडतं, नवीन टाकलेलंपण तसंच जाईल.