१९५० ची शेवरले पिकअप: आधी ब्रेक, मग बाकीचं

मित्राने इकडे अमेरिकेत १९५० ची शेवरले ३१०० पिकअप घेतली, एका शेतातल्या शेडमधे कित्येक वर्षं उभी होती, आणि घेतल्या घेतल्या साहेबांचं पहिलं वाक्य काय, तर "व्ही-एट (आठ सिलेंडरचं) इंजिन टाकू". मी म्हटलं अरे बाबा, आहे त्या इंजिनवर तरी ही थांबते का ते बघ आधी. पुढचे कितीतरी शनिवार मग आम्ही गाडीखालीच काढले.

ह्या गाड्या आपल्याकडच्यांनाही अगदी परक्या नाहीत बरं का, शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत तिथे गाड्या आणि ट्रक जोडले जायचे. असो.

गाडी बनवली तेव्हा तिच्याकडून अपेक्षा काय होती? शेतातून गावात माल न्यायचा, रस्ता कच्चा किंवा अरुंद, स्पीड ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास. इंजिन २१६ क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, सहा सिलेंडर, ताकद नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे दोन शू, शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. सगळं एकमेकांना शोभेल असं होतं. आज तीच गाडी हायवेला १०० ने न्यायची म्हटलं की हिशोब बिघडतो, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दीड टनाची गाडी ५० ने चालली असेल तर तिच्यात साधारण १४५ किलोज्यूल ऊर्जा असते, १०० ला ती ५८० होते, दुप्पट नाही, चौपट. ही ५८० किलोज्यूल म्हणजे किती, तर माठातलं पावणेदोन लिटर पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता. डझनभर माणसांचा चहा होतो तेवढ्यात. आणि ही सगळी धग एका ब्रेकमधे, चारपाच सेकंदात, चार चाकांच्या लोखंडात जाते.

आता ड्रम वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, उलट ड्रमची एक गंमत आहे जी डिस्कमधे (फिरणारी चकती, जिला दोन बाजूंनी पॅड चिमटतात) नाही. दाराखाली पाचर सरकवली की दार जितकं ढकलाल तितकी ती घट्ट बसते ना, तसंच फिरणारा ड्रम पुढच्या लायनरला स्वतःबरोबर ओढतो आणि लायनर अजून जोरात दाबला जातो. पाय थोडा, ब्रेक जास्त. १९५० पर्यंत ह्या पिकअपला हक नावाचे ब्रेक होते, त्यात दोन्ही शू आपापल्या पिनवर, त्यामुळे ही मदत एकाच शूला मिळायची. १९५१ पासून बेंडिक्स पद्धत आली, तिथे पहिला शू दुसऱ्यालाही ढकलतो. म्हणून बरेच लोक नुसते पुढच्या वर्षीचे ब्रेक बसवूनच खूश होतात, आणि साठसत्तरने फिरणार असाल तर तेवढं पुरतंही.

ड्रमचं खरं दुखणं उष्णतेत आहे. गरम झाला की ड्रम फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. डिस्क गरम झाली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. शिवाय ड्रम हा बंद डबा, आतली धग बाहेर पडायला वाट कमी, आणि लायनर फार तापला की त्याची पकडच कमी होते. घाटात ट्रकवाले "ज्या गिअरमधे चढलास त्याच गिअरमधे उतर" असं सांगतात ते ह्याचसाठी, धग ब्रेकला न देता इंजिनला द्यायची.

आम्ही ड्रम उघडले तेव्हा आत काळी धूळ साचलेली. मित्र हवेचा पाईप घेऊन फुंकरायला निघाला होता, त्याला थांबवलं. त्या काळच्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचा, ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

शेवटी पुढे डिस्क, मागे ड्रम असं ठरलं. पुढेच का, तर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि पिकअपचा मागचा हौदा रिकामा असेल तर मागे टायर दाबून धरायला वजनच राहत नाही. तिथे जास्त ब्रेक लागला की मागची चाकं आधी जाम होतात, आणि जाम झालेला टायर बाजूला सरकायला फारसा विरोध करत नाही, मग गाडीची शेपटी पुढे यायला बघते. म्हणून मागच्या लाईनमधे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात.

दुसरी गोष्ट मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा पंप. जुना एकच कप्प्याचा, म्हणजे एका चाकाचा पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना दोन कप्प्यांचा आला, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. मला विचाराल तर बाकी काही करू नका पण एवढं कराच, पैसेही फार लागत नाहीत.

डिस्कला ती पाचरीची मदत नाही, त्यामुळे तिला प्रेशर जास्त लागतं. पायाने ३० किलो जोर दिला, पेडलची दांडी तो सहापट करते, १८० झाला, एक इंची मास्टर सिलेंडरमधे त्याचे होतात साधारण ५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड). डिस्कला जोरात थांबायला ह्याच्या दीडदोनपट लागतं, म्हणून बूस्टर. बूस्टर म्हणजे एक डबा, मधे पडदा, एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा दाबते. आठ इंची पडद्यावर हा जोर दोनशे किलोच्या आसपास जातो, आणि तो आपला पाय न दुखवता.

आणि मग आमची फजिती. ह्या गाडीत मास्टर सिलेंडर पायाखाली, चेसीवर असतो, म्हणजे डिस्कचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्याही खाली. ब्रेक सोडला की ब्रेक ऑइल उतारावरून परत येतं आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल फुकट जातं. त्यासाठी लाईनमधे एक अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह लागतो जो थोडंसं प्रेशर धरून ठेवतो, डिस्कला २ पीएसआय, ड्रमला १०. कारच्या टायरमधे तीसबत्तीस असते, म्हणजे हे काहीच नाही असं वाटेल. आम्ही दोन्हीकडे १० वाला लावला. दोघं मिळून हवा काढली, मी वर बसून "दाबलं, धरलंय" आणि तो खालून "सोड" ओरडतोय, निप्पलमधून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तासभर, कारण ऑइल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते आणि एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखं लागतं. पेडल छान कडक झालं. दोन मैलांची चक्कर मारून आलो तर पुढच्या रिमजवळ हात नेता येईना एवढी धग, आणि भाजल्याचा वास. ड्रममधे शूला मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना १० पीएसआय कळतही नाही, डिस्कच्या पॅडला मागे ओढणारं असं काही नसतं, रबरी सील किंचित मागे खेचतं तेवढंच, त्यामुळे ते घासतच राहिले. व्हॉल्व्ह बदलला, नवीन डॉट ४ ऑइल भरलं. नवीन ऑइल २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग दीडशेच्या आसपासच उकळू शकतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं.

मग वेळ आली इंजिनाची. हिशोब केला. टायर साधारण २८ इंची, १०० च्या स्पीडला चाक मिनिटाला ७४५ वेळा फिरतं. मागच्या अ‍ॅक्सलमधला क्राऊन पिनियन ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.११ फेऱ्या, टॉप गिअर थेट एकास एक, म्हणजे इंजिन मिनिटाला ३०६० फेऱ्यांवर. ह्या इंजिनाची पूर्ण ताकदच ३३००-३४०० च्या आसपास येते. त्यात त्याच्या कनेक्टिंग रॉडला बॅबिट नावाच्या मऊ धातूची ओतीव बेअरिंगं, आणि त्यांना ऑइल पंपाने थेट जात नाही, रॉडच्या खालची पळी ऑइल उचलते. तासभर असं पळवलं की बेअरिंग वितळायची भीती. इंजिन बदलण्यापेक्षा त्याला हळू फिरू देणं सोपं, असं मी म्हटलं आणि आश्चर्य म्हणजे तो ऐकला.

नुसता क्राऊन पिनियन ३.५५ चा टाकला तर आरपीएम २६५० ला येतं, पण उठावाची ओढ १४ टक्के कमी होते. आम्ही शेवरलेच्याच नंतरच्या एस-१० पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स टाकला, त्याचा पाचवा ०.७२, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाची पाऊणच फेरी. मूळ गाडीत प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो, त्यामुळे नवीन बॉक्ससाठी ती नळी काढून मागचा अ‍ॅक्सलच दुसरा घालावा लागला, ४.१० चा. आता १०० ला इंजिन २२०० वर.

उघड्या शाफ्टला दोन क्रॉस जॉइंट, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे. जॉइंट वाकडा असेल तर एक बाजू एकसारखी फिरत असताना दुसरी प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे होते, १० अंशाला दीड टक्का. दोन्ही जॉइंटचे कोन सारखे ठेवले की एकाचा हेलकावा दुसरा काढून टाकतो. आमचे सारखे नव्हते, ८० ला सीट गुणगुणायला लागलं. मोबाईलच्या लेव्हलने कोन मोजून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचरी सरकवल्या, तेव्हा कुठे शांत झाली.

परवा हायवेला नेली. थांबते झकास, इंजिनचा आवाजही नाही. फक्त ९५ ला स्टीअरिंग चार बोटं इकडेतिकडे फिरवलं तरी गाडी सरळच जाते. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, शनिवारी येतो.